टोक धरणारी

रोज सकाळी दहा वाजता दादाचा फोन यायचा. ‘सुमे, येतेस ना? टोक कोण धरणार?’ एवढंच. ख्यालीखुशाली नाही, जेवलीस का नाही. मीही ‘येते रे, येते’ म्हणून फोन ठेवायची आणि बडोद्याच्या अकोटा भागातून रिक्षा करून, विश्वामित्रीचा पूल ओलांडून वाडीतल्या त्याच्या खोलीवर जायची. पस्तीस वर्षांत फोन बदलले, दहाची वेळ बदलली नाही. त्या सोमवारीही बरोबर दहाला फोन वाजला. दादाचाच नंबर. तव्यावर पोळी होती. मी फोन खांद्यात धरून म्हटलं, ‘येते रे, दोन पोळ्या राहिल्यात.’ मग त्याच्या शेजारच्या बाईंचा आवाज आला, ‘सुमनबेन... तमे जल्दी आवो.’ मी विचारलं, ‘दादा कुठाय?’ तर त्या रडायलाच लागल्या. दादा त्याच्या नेहमीच्या जागी, चटईवर, भिंतीला टेकून बसलेला सापडला होता. मांडीवर कापड होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्याला काही कळलंही नसेल. पोळी करपून कोळसा झाली होती, ती मी संध्याकाळी टाकली.

याला आता सहा आठवडे होऊन गेले. ओळखीचे लोक म्हणतात, भावाविषयी लिही, बडोद्यात पगडी बांधणारे आता राहिलेत किती, त्याचं नाव राहायला हवं. गेलेल्या माणसाविषयी वाईट लिहू नये म्हणतात, तेही मला मान्य आहे. पण खोटं तरी किती लिहायचं? दादानं मला फसवलं. हे वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले. ते लिहिल्याशिवाय बाकीचं काही लिहिताच येईना, म्हणून आधी लिहून टाकलं.

टोक धरायचं म्हणजे काय ते सांगते. पगडीचं कापड लांबलचक असतं, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन वर उरेल एवढं. त्याला पीळ घालायचा तर एकानं टोक घट्ट ताणून धरायचं आणि दुसऱ्यानं समोर बसून पीळ देत देत ते गुडघ्यावर गुंडाळत न्यायचं. गुडघ्यावर आकार आला की मग लाकडी ठोकळ्यावर चढवायचं. बांधणारा दादा, धरणारी मी. आमच्या घरात नियमच होता, की टोक जिवंत हातातच हवं, खिळ्याला बांधलेल्या कापडाला पीळ बसत नाही. आजोबा म्हणायचे, वडील म्हणायचे, मग दादा म्हणायला लागला. ‘सुमे, तुझ्या हाताशिवाय पीळ बसत नाही बघ.’ माझी जागा खिडकीखालच्या पाटावर, खिडकीकडे पाठ आणि दादाकडे तोंड. दिवसभर आम्ही दोघं असे समोरासमोर, मधे ताणलेलं कापड. तो जरा जास्त जोरात ओढायला लागला की मला कळायचं, आज कुणाशी तरी वाजलंय. वहिनी गेली त्या वर्षी कापड कित्येक दिवस सैलच लागायचं हाताला.

आमचे पणजोबा महाराजांच्या फौजेत शिपाई म्हणून दक्षिणेतून बडोद्याला आले. पुढे फौज उरली नाही, आजोबांच्या हाती तलवारीऐवजी पगडी आली. आजोबा डावरे होते. त्यामुळे आमच्या घरची पगडी साऱ्या गावापेक्षा उलटी. शेवटचा पेच सगळ्यांचा उजवीकडे जातो, आमचा डावीकडे. वडील उजव्या हाताचे, दादाही उजव्या हाताचा, पण दोघांनी आजोबांची ती चूक इमानानं गिरवली. जाणकार माणूस लग्नाच्या मांडवात लांबून बघून सांगायचा, ही दिनू पगडीवाल्याची, म्हणजे आमच्या दादाची. या उलट्या पेचाचा मला कोण अभिमान! माहेरच्या चुकीचा अभिमान बाळगणारी बाई सासरी फार कौतुकाची होत नाही, पण आमच्या यांनी ते चालवून घेतलं.

चाळिशी उलटल्यावर एकदा मी दादाला म्हटलं, ‘मलाही बांधायला शिकव. तुझे गुडघे दुखतात, निखिलला तर यात रस नाही.’ निखिल त्याचा मुलगा, तेव्हा कॉम्प्युटर शिकत होता, आता बंगळूरला असतो. दादा हसला. म्हणाला, ‘अगं, बायकांनी बांधायची नसते. आजोबांनी सांगून ठेवलंय.’ मी म्हटलं, ‘आजोबा गेले त्याला किती वर्षं झाली?’ तर म्हणाला, ‘नियम काय माणसाबरोबर जातो? तू टोक धर. टोक धरणं सोपं नाही.’ पुन्हा विचारलं नाही. मानी माणसं एकदाच विचारतात, आणि मी मानी आहे.

नर्मदेकडे मोठा पुतळा झाल्यापासून बडोद्याला प्रवाशांच्या बसगाड्या थांबायला लागल्या. राजवाडा बघायचा, फोटो काढायचे आणि पुढे जायचं. राजवाड्याच्या वाटेवर एक हस्तकला बाजार भरायला लागला, तिथे आम्हाला गाळा मिळाला. पहिलं वर्ष आम्ही हवेत होतो. शेजारचा गाळा जशीबेनचा. ती संखेड्याची, लाखकामाची लाकडी भांडी, पाळणे, खेळणी विकायची. नवरा कातकाम करायचा, ती रंग द्यायची. दुपारी तिचा डबा नि माझा डबा एकत्र उघडायचा. माझी आमटी तिला गोड लागायची नाही म्हणून ती डब्यात गुळाचा खडा घेऊन यायची आणि माझ्यादेखत तो आमटीत टाकायची. अशी मैत्रीण या वयात मिळत नाही. मला मिळाली होती.

पण बाजाराचं गणित वेगळंच निघालं. बस वीस मिनिटं थांबायची. त्या वीस मिनिटांत माणसं उतरणार, पाणी पिणार, पोरांना शी-शूला नेणार आणि उरलेल्या वेळात काहीतरी घेणार. आमची पगडी घ्यायची तर डोक्याचं माप द्यावं लागायचं, ती नीट ठेवायला पेटी लागायची, आणि किंमत ऐकून बायको नवऱ्याचा दंड ओढायची. समोरच्या गाळ्यांत ट्रकनं आलेला माल. कुठल्या गावी, कुठल्या यंत्रावर झाला देव जाणे, पण पाटीवर ‘हाताने बनवलेले’ लिहिलेलं असायचंच. गाईड लोक आपल्याला खूश ठेवणाऱ्या दुकानाकडे बस वळवायचे. हातानं केलेल्या वस्तूची स्पर्धा यंत्राशी असते असं लोक म्हणतात. आमची स्पर्धा बसच्या हॉर्नशी होती. हॉर्न वाजला की हातातली पगडी टाकून गिऱ्हाईक पळायचं.

दादा म्हणायचा, ‘सुमे, आपण जरा बदलू या का? आत स्पंजाची टोपी घालू, मागे इलॅस्टिक लावू, कुणाच्याही डोक्याला बसेल. लोकांना फोटोपुरती तर हवी असते.’

‘मग फोटोवाल्याकडे जाऊ देत ना. आपण पगडी बांधतो, नाटकाचं सामान नाही विकत.’

‘पण विकलीच नाही तर बांधायची कुणासाठी?’

‘इलॅस्टिक लावलेलं टोक मी धरणार नाही,’ मी म्हटलं. इथपर्यंत आलं की तो विषय सोडून द्यायचा. तेव्हा मला वाटायचं, त्याला पटलं.

मी अगदीच हटवादी होते असंही नाही हं. तळहाताएवढी पगडी करायची कल्पना माझीच. घरात नारळ फोडले होते, अर्धी करवंटी हातात घेतली आणि डोक्यात आलं, की यावर पगडी बसेल! खरी, पिळाची, उलट्या पेचाची, फक्त छोटी. प्रवाशाच्या पिशवीत मावेल, गाडीत काचेपाशी ठेवता येईल, नातेवाइकांना देता येईल. कल्पना माझी, हात दादाचा. आठ दिवस खपून त्यानं दोन नमुने केले. एक केशरी, एक हिरवा. इतके देखणे झाले, की मी केशरी पगडी तळहातावर घेऊन अख्ख्या वाडीत मिरवले असते. दिवाळीच्या गर्दीला काढायच्या असं ठरलं. तोवर कुणाला दाखवायच्या नाहीत. केशरी आमच्या खोलीत ठेवली. हिरवी मात्र मी जशीबेनला दिली, कारण तिला दिल्याशिवाय मला चैनच पडेना.

दिवाळीच्या आधीच बाजारात तशाच पगड्या आल्या. टोपलीभरून. खाली प्लॅस्टिकची वाटी, वर गोंदानं चिकटवलेलं कापड, आणि पेच... डावीकडे. वाघोडियाच्या कुठल्याशा कारखान्यातून येतात असं कळलं. दोनच नमुने होते. एक आमच्या कुलपात, एक जशीबेनकडे. मग दुसरा कोण? मी तिच्या गाळ्यापुढे उभी राहिले आणि सगळ्या बाजारासमोर तिला चोर म्हटलं. नुसतं चोर नाही, आणखी बरंच म्हटलं. ती लाटण्याला रंग देत होती. हातातलं लाटणं तसंच धरून ती माझ्याकडे बघत राहिली, मग दादाकडे बघितलं. दादा गाळ्यात पाठमोरा बसून दोऱ्याचा गुंता सोडवत होता. तो एवढंच म्हणाला, ‘सुमे, जाऊ दे. चल, पाणी पी.’ मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस! दुसऱ्या दिवसापासून माझा डबा मी एकटीच खायला लागले. जशीबेन एक शब्द उलट बोलली नाही, आणि तिच्या त्या न बोलण्याचा अर्थ मी कबुली असा लावला.

पुढच्या वर्षी आमचा गाळा गेला. जो जास्त विकेल त्याला पुढची जागा, असा बाजार चालवणाऱ्यांचा कायदा होता. आम्ही वाडीतल्या खोलीवर परत आलो. बाजार सुटला, पण दहाचा फोन सुटला नाही. ‘नवसारीच्या लग्नाची ऑर्डर आहे, सुमे. पिवळ्या, हिरव्या काठाच्या.’ ‘सुरतेचं एक गिऱ्हाईक आहे, गुलाबी मागतंय.’ मी टोक धरायची. धरता धरता त्या कारखानेवाल्याला शिव्या घालायची, जशीबेनच्या नावानं बोटं मोडायची. दादा ऐकून घ्यायचा, पीळ देत राहायचा. मंगळवारी मात्र काम बंद. मंगळवारी तो वाघोडियाला एका वैद्याकडे गुडघ्यांना मालिश करून घ्यायला जायचा. बुधवारी मी पहिलं विचारायची, ‘गुडघे कसे आहेत रे?’ तो म्हणायचा, ‘बरं वाटतंय.’ हिवाळ्यात मी त्याला तिळाचं तेल गरम करून बाटलीत भरून द्यायची. जाताना घेऊन जा म्हणायची, वैद्याचं तेल कसलं असेल कोण जाणे.

दादा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी वाडीतल्या देवळात बेसणं ठेवलं. निखिल आला होता. बेसण्याला लोक येतात, फोटोपुढे फूल ठेवतात, दोन मिनिटं बसतात, जातात. मी दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. पांढऱ्या कपड्यांतला एक जाडसर गृहस्थ आला, फोटोपुढे बराच वेळ हात जोडून उभा राहिला. डोळे पुसत माझ्याकडे वळला. ‘तमे सुमनबेन? मास्तर तमारी बहु वात करता. कहेता, मारी बेन जेवुं टोक कोई ना पकडे.’ मला बरं वाटलं. मी विचारलं, आपण कोण? तर म्हणाला, वाघोडियाला त्याचा कारखाना आहे. ‘बेन, मास्तर ना होत तो अमारुं कारखानुं ऊभुं ज ना थात. छ वरस... दर मंगळवारे आवता. छोकरीओने हाथ पकडीने शिखवाडता.’

मी विचारलं, ‘काय शिकवायचे?’ मला अजून कळत नव्हतं. खरंच कळत नव्हतं. माणूस किती मठ्ठ असू शकतो!

त्यानं खिशातून फोन काढून फोटो दाखवले. एका लांब टेबलाभोवती पंचवीस-तीस मुली, मधे दादा खुर्चीवर, एका मुलीचं मनगट हातात धरून तिला पेच कसा वळवायचा ते दाखवतोय. मुली. बायका. बांधताहेत. दुसऱ्या फोटोत त्या शेठच्या ऑफिसातलं काचेचं कपाट. त्यात नमुन्यांच्या पगड्या ओळीनं. पिवळी, हिरव्या काठाची. तिच्याशेजारी गुलाबी. नवसारीचं लग्न आणि सुरतेचं गिऱ्हाईक त्या कपाटात बसलं होतं. मी टोक धरलेल्या पगड्या, एकूण एक ओळखल्या मी. खालच्या कप्प्यात छोटी केशरी पगडी होती, करवंटीवरची, आमच्या कुलपात आहे असं मी समजत होते ती. शेठ कौतुकानं म्हणाला, ‘आ नानी पगडी तो मास्तरना ज मगजनी. काचली पर बांधेली, जुओ.’ मास्तरांच्याच डोक्यातली म्हणे! माझ्या हातातला ट्रे कुणीतरी घेतला. कुणी ते आठवत नाही. त्या माणसाला मी हात जोडले. तो काही चोरी करून आला नव्हता, कृतज्ञता व्यक्त करायला आला होता बिचारा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. बाजारभर चोर शोधला, आणि चोर रोज माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर नसला तरी कापडाच्या अंतरावर बसलेला होता. कारखान्याला शिकवलं याचं मला इतकं नाही. पोट सगळ्यांना असतं, आणि त्याचं ऐकून घ्यायला मी तयार नव्हते हेही खरं. त्या छोट्या पगडीचंही सोडून देते. पण मला ‘बायकांनी बांधायची नसते’ म्हणाला, आणि तिथे तीस पोरींची मनगटं धरून शिकवली! मी त्याची सख्खी बहीण. मी एकदाच विचारलं होतं. दोनदा विचारायला हवं होतं का? रात्रंदिवस हेच डोक्यात फिरायचं. रडू यायचं नाही. लोकांना वाटायचं, बहीण किती धीराची आहे.

तेराव्याला मुलाच्या डोक्याला पगडी बांधायची आमच्यात रीत आहे. बाप गेला, आता घराची जबाबदारी तुझी, असं सांगणारी. ती बांधताना गेलेल्याची बहीण टोक धरते. मी सकाळी पांढरं कापड घेऊन गेले, तर निखिलच्या डोक्यावर पगडी आधीच चढलेली. वाघोडियाच्या शेठनं भेट म्हणून खोक्यातून पाठवली होती. निखिल म्हणाला, ‘आत्या, ही परफेक्ट बसते बघ. बांधायची गरजच नाही. तसंही आता बांधणार कोण?’ पोरगा वाईट नाही, तो साधंच विचारत होता. भटजी खोळंबले होते. पाहुणे माझ्याकडे बघत होते. मी म्हणू शकले असते, काढ ती, मी बांधते. पण मला बांधता कुठे येत होतं? पस्तीस वर्षं पगडीचं टोक धरून मला एक पेच येत नव्हता. पगडीवाल्याचा मुलगा गोंदाची पगडी घालून पाटावर बसला, आणि मी कापडाची घडी पदराखाली धरून मागे उभी राहिले. त्याच्या मानेवर इलॅस्टिक काचत होतं. पेच डावीकडे होता.

त्यानंतर मी जशीबेनकडे गेले. जायलाच हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. बाजार तसाच होता, बस उभी होती. जशीबेनच्या गाळ्यात पुढे प्लॅस्टिकचे हत्ती, कीचेनी आणि वाघोडियाच्या पगड्यांची टोपली. तिची लाखकामाची भांडी मागच्या फळीवर, धुळीत. मला बघून ती उठली नाही, पण स्टूल पुढे सरकवलं. मी बसले, हात जोडले, रस्ताभर पाठ केलेलं सगळं बोलले. दादानंच केलं, मला माहीत नव्हतं, मला माफ कर. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग टोपलीतल्या पगड्या नीट लावत म्हणाली, ‘मने खबर हती, सुमनबेन.’

‘कधीपासून?’

‘पहेलेथी. तमे मने चोर कही, ए सांजे दिनुभाई घरे आव्या’ता. हाथ जोड्या. कह्युं, बेनने ना कहेता, ए टोक छोडी देशे.’

म्हणजे मी त्याचं काम सोडून देईन, एवढ्या भीतीपोटी त्यानं तिला चोर राहू दिलं. आणि तिनंही ते राहू दिलं, म्हातारा माणूस हात जोडतोय म्हणून. दोघांनी मिळून मला जपलं म्हणायचं की दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलं? मी चिडून म्हटलं, ‘तू तरी सांगायचंस ना! इतकी वर्षं तोंड बघितलं नाही आपण एकमेकींचं.’ तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज चढला. ‘तमे पूछ्युं’तुं? सीधुं चोर ज कह्युं ने!’ विचारलं कुठे होतंस, थेट चोरच म्हणालीस. बसचा हॉर्न वाजला. एक बाई घाईनं दोन पगड्या उचलून, पैसे टाकून पळाली. जशीबेननं चहा मागवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही पुन्हा माफी मागितली नाही. उठताना ती म्हणाली, पुन्हा ये. पण डबा घेऊन ये असं म्हणाली नाही.

गेल्या आठवड्यात निखिलचा फोन आला, वाडीतली खोली मालकाला परत द्यायची आहे, आत्या, तुला हवं ते काढून घे. मी गेले. तेव्हापासून बंद असलेलं दार उघडलं तर सगळं त्या सोमवारसारखंच. चटई, ठोकळा, खळीचं वाळलेलं भांडं, तिळाच्या तेलाची माझी बाटली, अर्धी भरलेली. ठोकळ्याशेजारी अर्धी बांधलेली पगडी. तिचं कापड खोलीभर जमिनीवर लोळत माझ्या पाटापर्यंत गेलेलं, आणि पाटावरून वर... खिडकीच्या गजाला. टोक गजाला बांधलेलं होतं, त्या सोमवारच्या गर्दीत मला ते दिसलंच नव्हतं. सोमवारी सकाळी, मला फोन करायच्या आधी, तो एकटाच कामाला बसला होता.

मी पाटावर चढून गाठ सोडायला गेले आणि तिथेच थांबले. खिडकीला हिरवा रंग आहे, वडिलांच्या वेळचा, जाड. सगळ्या गजांवर तो शाबूत होता. या एकाच गजावर, मी पाटावर बसले की माझ्या डोक्याच्या थोडं वर येईल तिथे, वीतभर रंग साफ उडाला होता आणि लोखंड घासून घासून चकाकत होतं. दोन-चार महिन्यांत एवढी झीज होत नाही. दोन-चार वर्षांतही नाही होत. घरच्या झाऱ्याची मूठ मी पंचवीस वर्षं वापरतेय, तिलासुद्धा इतकी चकाकी नाही. म्हणजे पहिल्यापासून तो गजाला टोक बांधून, मी यायच्या आधी, मी गेल्यावर, काम करत होता. आणि पीळ बसत होता. खिळ्याला बांधलेल्या कापडाला पीळ बसत नाही, हेसुद्धा खोटं होतं. त्याला माझी गरजच नव्हती कधी. तरी पस्तीस वर्षं, रोज दहा वाजता... ‘येतेस ना? टोक कोण धरणार?’

मी पाटावर बसून रडले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. दादानं मला जितक्या थापा मारल्या त्यांतली ही एकच थाप अशी, की तिचा राग धरावा की ती छातीशी धरावी ते मला ठरवता येत नाही. बाकीच्यांचा राग मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. तो समोर असता तर त्याच्या तोंडावर म्हटलं असतं, लबाड आहेस तू दादा, अट्टल लबाड.

मग डोळे पुसले आणि उठले. गाठ सोडली नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि चटईवर, त्याच्या जागेवर, आयुष्यात पहिल्यांदा बसले. तिथून खिडकी समोर दिसते. त्या जागेवरून त्याला रोज मी दिसत असणार आणि माझ्या डोक्यावर तो गज. कापड उचललं, ताणलं, पीळ दिला. पहिला पेच सुटला. दुसराही सुटला. गुडघ्यावर कापड कसं ठरतं ते मी हजारदा समोरून बघितलं होतं, पण समोरून बघितलेलं सगळं उलटं असतं, हात चुकत राहिला. आजोबा नाही म्हणाले होते. दादा नाही म्हणाला होता. गज काही म्हणाला नाही, त्यानं टोक घट्ट धरून ठेवलं.

दुपारी निखिलला फोन करून सांगितलं, खोली सोडू नकोस, मी ठेवतेय.